काका, डोमेन कुणाच्या नावावर आहे?

सोलापूरच्या गड्डा यात्रेला, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, महिनाभर होता तेव्हाची गोष्ट. काकांचा फोन आला, मावशीचे मिस्टर, चादरी-टॉवेलचं दुकान आहे त्यांचं. "काय बे, आपली वेबसाईटच गायब झालीय की, बघ जरा." मी मोबाईलवर टाकून बघितलं तर खरंच, साईट सापडत नाही असा मेसेज. म्हटलं काका, होस्टिंगचे पैसे भरलेत का? "भरलेत की, जूनमध्येच भरलेत, पावती हाय." आणि डोमेनचे? तर काका गप्प. मग म्हणाले, "ते काय वेगळं असतंय का?"

वेगळंच असतंय ओ. मी नवी पेठेत डीटीपी आणि कॉम्प्युटरचं छोटं काम करतो, आठवड्यात दोन-तीन जण तरी वेबसाईट काढायचीय म्हणून येतात आणि डोमेन, होस्टिंग, सर्व्हर, एसएसएल हे सगळं एकाच पिशवीत भरून बोलतात, त्यात त्यांची चूक काहीच नाही, विकणारेच तसं विकतात, "सर सगळं मिळून पाच हजार". तर ही पिशवी आज जरा सोडून बघू.

डोमेन म्हणजे फक्त नाव. समजा चादरदुकान डॉट इन. तेवढंच. तुमचे फोटो, भावपत्रक, पत्ता, ते सगळं कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ठेवलेलं असतं आणि त्या कॉम्प्युटरला एक नंबर असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला, मधे टिंब, उदाहरणार्थ २०३.०.११३.२५ (हा नंबर उदाहरणात लिहायला म्हणूनच राखून ठेवलेल्यांपैकी आहे, कुणाच्या घरचा नाही). आता गिऱ्हाईक काय हे आकडे पाठ करणार आहे का? त्याला नाव लक्षात राहतं. नावावरून नंबर काढून देणारी जी यंत्रणा आहे ती डीएनएस.

पूर्वी ही यंत्रणा नव्हती. अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एक फाईल असायची, सगळ्या मशीनची नावं आणि नंबर त्यात, एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची. नवीन नाव टाकायचं असेल तर त्यांना कळवायचं, मग बाकीच्यांनी ती फाईल उतरवून घ्यायची. मशीन वाढली तशी ती वही कुणाला पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, आणि १५ मार्च १९८५ ला पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स डॉट कॉम.

डीएनएस चालतं कसं, ते आपल्याकडे बाहेरगावचा माणूस पत्ता शोधतो तसंच. स्टेशनवर उतरला आणि अमुक चादरवाले कुठं म्हणून विचारलं, तर स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला ते दुकान माहीत नसतंय, पण तो सांगतो नवी पेठेत जावा, तिथं विचारा. नवी पेठेत पानटपरीवाला सांगतो, त्या बोळात वळा, कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारा. आणि तो शिंपी बोट दाखवतो, ते बघा, ते शटर. सगळा पत्ता कुणा एकाला ठाऊक नसतो, पुढं कुणाला विचारायचं एवढंच प्रत्येकाला ठाऊक असतं. इंटरनेटवर रिक्षावाला म्हणजे रूट सर्व्हर, तो सांगतो डॉट इन वाल्यांना विचार. डॉट इन वाले सांगतात ह्या नावाची यादी सांभाळणारा नेमसर्व्हर अमुक आहे, त्याला विचार. आणि नेमसर्व्हर, म्हणजे आपला शिंपी, नंबर देतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. म्हणून डोमेन नेहमी उजवीकडून डावीकडे वाचायचं, पाकिटावरचा पिनकोड आधी बघतात तसं. हे वाचायचं वळण लागलं की फसवणूकही लवकर ओळखता येते, ते पुढं सांगतो.

आता हे नाव विकतं कोण. इथं गिरणी आणि डीलर असा हिशोब आहे. डॉट इन ची गिरणी म्हणजे रजिस्ट्री, ती निक्सी ही आपल्या देशातली संस्था सांभाळते, डॉट कॉम ची व्हेरिसाईन नावाची अमेरिकन कंपनी. आपण जिथं ऑनलाईन जाऊन पैसे भरतो ते रजिस्ट्रार, म्हणजे डीलर. आणि डॉट कॉम सारख्या नावांवर वरून नियम घालून देणारी आयकॅन, १९९८ सालची. नाव विकत घेतलं असं सगळे म्हणतात पण ते भाड्यानंच असतं, एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत, मग परत भाडं. कायमचं कुणाचंच नसतं, कितीबी मोठा शेठ असू दे.

शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटचं डॉट इन, डॉट कॉम वगैरे, कुठलं घ्यायचं हे सगळ्यांना विचारायचं असतं. सोलापुरातलं दुकान, गिऱ्हाईक महाराष्ट्र-कर्नाटक-तेलंगणातलं, तर डॉट इन झक्कास. परदेशात माल पाठवता तर डॉट कॉम बघा, मिळालं तर दोन्ही घ्या. डॉट एआय, डॉट आयओ ही फॅशनची नावं बऱ्यापैकी महाग पडतात, आणि गंमत म्हणजे डॉट एआय अँग्विला नावाच्या बेटाचं आहे आणि डॉट टीव्ही तुवालू ह्या एवढ्याशा देशाचं, टीव्हीशी त्याचा काडीचा संबंध नाही. देवनागरीत डॉट भारत पण २०१४ पासून मिळतं, चादरदुकान डॉट भारत असं सगळं मराठीत. मला मनापासून आवडतं ते, पण खरं सांगतो, कितीतरी फॉर्म तसला मेल आयडी घेतच नाहीत, म्हणून एकटं घेऊ नका, जोडीला इंग्रजी स्पेलिंगवालं ठेवा.

आणि स्पेलिंगवरनं आठवलं. चादर हा शब्द इंग्रजीत लिहायला दहा दुकानदारांना सांगा, चार तऱ्हा निघतील, एक डी, दोन डी, शेवटी ए-आर की ई-आर. काकांचं नाव दोन डी वालं होतं, फोनवर गिऱ्हाइकाला सांगताना दरवेळी "डी डबल हाय हां" म्हणावं लागायचं. नाव निवडताना माझी एकच परीक्षा असते, ते फोनवर एकदाच सांगायचं आणि समोरच्यानं बरोबर टाईप करायला पाहिजे. मधे आडवी रेघ नको, आकडा नको, "फोर" म्हटल्यावर आकडा की अक्षर ह्यात माणूस अडकतो.

नाव घेताना घाई करू नका, इथं दहा मिनिटं गेली तरी चालतील. अकाउंट तुमच्या स्वतःच्या मेलवर उघडायचं, वेबसाईट करणाऱ्या पोराच्या नाही, दुकानातल्या मुनीमजींच्या नाही, आणि त्या नवीन डोमेनवरच्या मेलवर तर अजिबात नाही, कारण डोमेन बंद पडलं तर तो मेलही बंद आणि पासवर्ड परत मिळवायची वाटही बंद. साधा फुकटचा मेल चालतो, फक्त रोज उघडणारा पाहिजे. नोंदणीनंतर मेल तपासणीसाठी एक लिंक येते, ती १५ दिवसांत दाबा, नाही दाबली तर डोमेन तात्पुरतं बंद करतात. मालकाच्या रकान्यात, ज्याला रजिस्ट्रंट म्हणतात, तिथं तुमचं किंवा फर्मचं नाव पाहिजे. ऑटो रिन्यू चालू ठेवा पण त्याच्यावर सगळा भरोसा टाकू नका, कार्ड बदललं की ते गपकन थांबतं. आणि पहिल्या वर्षाच्या किमतीवर भाळू नका! ९९ रुपये लिहिलेलं असतं, खाली बारीक अक्षरात दुसऱ्या वर्षापासूनचा खरा भाव असतो, वर १८ टक्के जीएसटी. पैसे भरायच्या आधी टोपलीत आपोआप पडलेल्या वस्तू काढून टाका, साईट बिल्डर, मेल पॅक, अमुक सुरक्षा तमुक सुरक्षा, लागलं तर नंतर घेता येतंय.

काकांचं काय झालेलं ते आता कळेल. साईट करून देणारा पोरगा चांगला होता, फसवणारा नव्हता, पण त्यानं डोमेन स्वतःच्या अकाउंटमधून घेतलेलं, कॉलेजच्या जुन्या मेलवर. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला हुतात्मा एक्सप्रेसनं, कॉलेजचा मेल उघडायचं बंद. मुदत संपायच्या महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवणीचे मेल येतात, ते त्या मेलवर येऊन पडले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुदत संपली. दोन-चार दिवसांत साईटच्या जागी दुसऱ्याच कसल्यातरी जाहिराती दिसायला लागल्या, हैदराबादच्या एका गिऱ्हाइकानं काकांना तसं सांगितलंही होतं, पण काकांना वाटलं त्याच्या मोबाईललाच व्हायरस झालाय.

डॉट कॉम संपल्यावर साधारण असं होतं बघा. आधी सवलतीचे काही दिवस, किती ते रजिस्ट्रार ठरवतो, तेवढ्यात बहुतेक ठिकाणी नेहमीच्या भावात रिन्यू होतं. नंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, ह्यात साईट, मेल सगळं गायब, नाव परत मिळतं पण दंड भरून. त्यानंतर ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग नाव बाजारात मोकळं, ज्याच्या हाताला लागेल त्याचं. चांगल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात, सेकंदात उचलतात. आम्ही बघितलं तेव्हा रिडेम्प्शन चालू होतं. पोराला फोन लावला, त्यानं बिचाऱ्यानं रात्री बसून जुन्या मेलचा पासवर्ड काढला, आणि काकांनी काही हजार रुपये मोजून स्वतःचंच नाव सोडवून आणलं. दुकानातल्या गादीवर बसून ते नुसतं म्हणत होते, "एवढ्यात दोन पेट्या टॉवेल आले असते बे."

आता होस्टिंग. नाव झालं, पण माल ठेवायला जागा पाहिजे ना, ती जागा म्हणजे होस्टिंग. चोवीस तास चालू असलेला, इंटरनेटला जोडलेला कॉम्प्युटर, त्यालाच सर्व्हर म्हणतात. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एकाच शेडमध्ये चार-पाच जणांचे माग चालतात तसं शेअर्ड होस्टिंग. भाडं कमी, पण शेजाऱ्यानं एकदम जास्त माग लावले की तुमच्याकडची वीज दबते. दुकानाच्या पाच-दहा पानांच्या साईटला हे पुष्कळ झालं. व्हीपीएस म्हणजे त्याच शेडमध्ये भिंत घालून स्वतःचा मीटर घेतल्यासारखं, वीज तुमची ठरलेली पण मशीनची देखभालही तुम्हीच बघायची. डेडिकेटेड म्हणजे अख्खी शेड. क्लाउड म्हणजे सीझनला जास्त माग भाड्यानं घ्या, सीझन संपला की परत करा, वापराल तेवढं बिल, आणि बिलावर लक्ष नसेल तर घाम फुटतो. मला कुणी विचारलं तर शेअर्डवर सुरू करा म्हणतो, साईट हळू झाली, गिऱ्हाईक वाढलं की मग बघू.

"अनलिमिटेड" ह्या शब्दाला भुलू नका. अनलिमिटेड थाळीत भाकरी कितीही असते, पण वाढणारा एकच असला की तुम्ही किती खाणार? तसं जागा अनलिमिटेड लिहितात आणि खाली आयनोडची मर्यादा असते, म्हणजे एकूण फाईल किती ठेवायच्या त्याचा आकडा, शिवाय प्रोसेसर किती वापरायचा त्याचीही. बँडविड्थ म्हणजे महिन्यात साईटवरून किती डेटा बाहेर गेला ते, चादरींचे फोटो मोबाईलमधून काढले तसेच पाच-पाच एमबीचे चढवले तर साईटही कासव होते, लहान करून चढवा. अपटाइम ९९.९ टक्के म्हणजे लई भारी वाटतं, पण हिशोब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी शब्द पाळलाच म्हणायचं.

होस्टिंग घेतलं की एक पॅनेल मिळतं, बऱ्याच ठिकाणी सीपॅनेल. त्यात फाईल मॅनेजरमध्ये पब्लिक एचटीएमएल नावाचं फोल्डर दिसेल, जगाला जे दाखवायचंय ते ह्यातच पाहिजे, बाहेर ठेवलेलं दिसत नाही. त्यातली इंडेक्स नावाची फाईल म्हणजे पहिलं पान. ४०४ आलं तर समजा दुकान उघडं आहे पण मागितलेली वस्तू फळीवर नाही, ५०० आलं तर आतच काहीतरी बिघडलंय, आणि साईट सापडतच नाही असं आलं तर बहुतेक गडबड डोमेन किंवा डीएनएसमध्ये. काकांचं हे तिसरं होतं, म्हणून मी होस्टिंगकडं बघितलंसुद्धा नाही.

नाव आणि जागा जोडायची कशी, इथं मात्र नीट लक्ष द्या, कारण इथं मी स्वतः माती खाल्लीय.

जोडायच्या दोन वाटा. एक, रजिस्ट्रारकडं जाऊन नेमसर्व्हर बदलायचे, होस्टिंगवाल्यानं दिलेली दोन नावं तिथं टाकायची, म्हणजे आपल्या उदाहरणातला शिंपीच बदलला, आता सगळ्या चौकश्या नवीन शिंप्याकडं. दुसरी, नेमसर्व्हर तसेच ठेवायचे आणि डीएनएसच्या यादीतली फक्त एक ओळ बदलायची. त्या यादीत ओळी असतात, त्यांना रेकॉर्ड म्हणतात. ए रेकॉर्ड म्हणजे नावापुढं आयपी नंबर. सीनेम म्हणजे टोपणनाव, डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू वालं नाव मूळ नावाकडंच बोट दाखवतं ते ह्यानं. एमएक्स म्हणजे ह्या नावाची टपाल कुठं टाकायची. टीएक्सटी म्हणजे नुसता मजकूर, हे नाव माझंच आहे हे सिद्ध करायला किंवा आमच्या नावानं कोण मेल पाठवू शकतं ते सांगायला.

तर काकांची साईट मी नव्या होस्टिंगवर नेली आणि सोपं म्हणून सरळ नेमसर्व्हर बदलून टाकले. साईट छान उघडली, चहा प्यायलो, घरी गेलो. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या व्यापाऱ्याचा काकांना फोन, "ऑर्डरचा मेल पाठवतोय, दोनदा परत आला." झालं असं की काकांचा मेल वेगळ्याच कंपनीकडं होता आणि ते सांगणारी एमएक्सची ओळ जुन्या नेमसर्व्हरच्या यादीत होती. शिंपी बदलला, पण नव्या शिंप्याला टपालाचं कुणी सांगितलंच नाही, तो सगळी टपाल स्वतःच्याच दारात घ्यायला लागला आणि ह्या नावाचं इथं कुणी राहत नाही म्हणून परत पाठवायला लागला. तेव्हापासून मी नेमसर्व्हरला हात लावायच्या आधी जुन्या यादीचा स्क्रीनशॉट काढतो, अगदी खालपर्यंत सरकवून, आणि सगळ्या ओळी नव्या जागी आधी लिहून मगच बदलतो. नुसती साईट हलवायची असेल तर ए रेकॉर्ड बदला आणि बाकीच्या ओळींना नमस्कार करून बाहेर या. तिथं टाईप चा रकाना ए, नाव च्या रकान्यात ॲट चं चिन्ह (म्हणजे मूळ नावच), व्हॅल्यू मध्ये नवीन आयपी, आणि सेव्ह. आकडे इंग्रजीच टाकायचे, पुढंमागं स्पेस नको, कॉपी-पेस्ट करताना ती हमखास येते आणि पॅनेल उगाच एरर देत बसतं.

त्याच ओळीत टीटीएल म्हणून एक आकडा असतो, सेकंदात. ३६०० म्हणजे एक तास. ज्यानं एकदा विचारलं तो तासभर परत विचारत नाही, जुनंच उत्तर वापरतो. म्हणून बदल केला की तुम्हाला नवीन साईट दिसते आणि विजापूर रोडला बसलेल्या भावाला जुनीच, आणि दोघंही एकमेकाला खोटं पाडत बसतात. काही वेळात सगळीकडं सारखं होतं, नेमसर्व्हर बदलले असतील तर एक-दोन दिवस धरा. साईट हलवायच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून ठेवला तर बदल पाच-दहा मिनिटांत दिसतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलूकअप, मग स्पेस, मग तुमचं डोमेन असं टाका, सध्या कुठला आयपी मिळतोय ते लगेच दिसतं. उगाच बार बार रिफ्रेश मारण्यापेक्षा हे बरं.

एसएसएल म्हणजे ज्यामुळं पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी च्या पुढं एस लागतो. गिऱ्हाईक आणि साईट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून. नसेल तर २०१८ पासून क्रोम सरळ "सुरक्षित नाही" असं दाखवतो, आणि गिऱ्हाईक बिचकतं. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था हे सर्टिफिकेट फुकट देते, ९० दिवसांचं असतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं, म्हणून साध्या दुकानाच्या साईटला कुणी एसएसएलचे दोन-तीन हजार वेगळे मागत असेल तर आधी विचारा, फुकटवालं का नाही चालत?

पण एस आहे म्हणजे समोरचा साव आहे असं नाही. चोरालाही फुकट मिळतं ते. इथं ते उजवीकडून वाचायचं वळण कामी येतं. तुमच्या बँकेचं नाव सुरुवातीला आणि शेवटी भलतंच काहीतरी डॉट कॉम असेल, तर तो पत्ता त्या भलत्याचाच. रिझर्व्ह बँकेनं ह्याच कारणासाठी बँकांना डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन. सरकारी साईटचं शेपूट बहुतेक डॉट गव्ह डॉट इन असतं. बँकेच्या किंवा सरकारच्या नावानं मेसेज आला की आधी शेपूट बघा.

ज्यांची साईट आधीपासून आहे त्यांनी आजच एक काम करा. आयकॅनच्या लूकअप पानावर किंवा कुठल्याही हूइज (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या) साईटवर डोमेन टाका. मालकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपतेय हे दिसतं. मग साईट करणाऱ्याला शांतपणे विचारा, अकाउंट कुणाच्या मेलवर आहे? त्याच्याकडं असेल तर भांडायची गरज नाही. त्याच रजिस्ट्रारकडं तुमचं अकाउंट उघडलं तर तो आतल्या आत तुमच्याकडं सरकवू शकतो. दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायचं असेल तर बदली अडवणारा लॉक काढायचा, ऑथ कोड म्हणजे बदलीचा पासवर्ड मागायचा, तो नव्या ठिकाणी टाकायचा. डॉट कॉम घेऊन ६० दिवस झाले नसतील तर सहसा थांबावं लागतं, आणि बदली करताना भरलेल्या पैशात मुदत एक वर्षानं वाढते, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. मुदत अगदी तोंडावर आली असेल तर मात्र आधी रिन्यू करा, मग सरकवासरकवी.

काकांचं डोमेन आता काकांच्या मेलवर आहे. पाच वर्षांचं भरून टाकलं एकदम. गादीमागच्या भिंतीवर खडूनं तारीख लिहिलीय, डोमेनची वेगळी आणि होस्टिंगची वेगळी, आणि खाली मोठ्या अक्षरात "डी डबल".